हवापालट

शाळा सगळ्या मुलांना हवापालटाला नेणार आहे, ही बातमी सोमवारी संध्याकाळी घरोघर पोचली आणि मंगळवारी सकाळी फाटकाशी पालकांचा घोळका उभा राहिला. एक आई विचारत होती, स्वेटर द्यायचा का. एका वडिलांचं म्हणणं, मुलीला दमा आहे, डोंगरावर नेणार की समुद्रावर ते आधी सांगा. मुख्याध्यापकबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी विज्ञानाच्या सरांकडे. सर बिचारे घामाघूम झाले होते.

मी या शाळेत दुभाषी आहे. शाळा कर्णबधिर मुलांची. माझे आईवडील दोघंही जन्मापासून ऐकू न येणारे, त्यामुळे तोंडाने बोलायच्या आधी मी हाताने बोलायला शिकले. लोकांना वाटतं, हे काम फार शांततेचं असेल. शांतता कसली डोंबलाची? दिवसभर कुणी ना कुणी माझ्या नावाने बोटं मोडत असतं, आणि इथे ती मला समोर दिसतात.

झालं होतं ते असं. सर नवीन, ऐकू येणारे, आणि मेहनती. ‘हवामान बदल’ शिकवायचा म्हणून त्यांनी खुणांच्या शब्दकोश मंडळाचा व्हिडिओ बघून त्याची खूण पाठ केली. चेहऱ्यासमोर हात हलवायचा, ही हवा. मग तळहात उलटा करायचा, हा पालट. मंडळातल्या कुणीतरी पुस्तकी शब्दाचे दोन तुकडे करून प्रत्येकाला एकेक हात जोडून दिला होता. पण हीच खूण आमच्या लोकांत कितीतरी वर्षं चालत आलेली आहे आणि तिचा अर्थ एकच, आजारपणातून उठल्यावर चार दिवस दुसरीकडे जाऊन राहणं. तेव्हा सरांनी गंभीर चेहऱ्याने वर्गाला सांगितलं ते असं की, साऱ्या जगाचा हवापालट होणार आहे, तो माणसांनीच घडवून आणलेला आहे, तो फार वेगाने येतो आहे आणि त्याच्यातून कुणाचीही सुटका नाही. मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले. आमच्याकडे टाळ्या अशा वाजतात.

हे कळल्यावर मी पोट धरून हसले. मुख्याध्यापकबाई हसल्या, पालक हसले, शेवटी सरही हसले. हसली नाही ती एकटी मुंगी.

मुंगी नववीतली. आमच्यात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं आणि ते आपलं आपण निवडायचं नसतं, लोक देतात. हिचं नाव म्हणजे मनगटावरून चढत जाणारी दोन बोटं, कारण लहानपणी ही कधी एका जागी टिकली नाही. त्या दिवशी मात्र ती जिन्याच्या पायरीवर बसून होती. मी शेजारी जाऊन बसले तशी म्हणाली, “आजोबांना मी हेच सांगितलं होतं.” म्हणाली म्हणजे हाताने. यापुढे मी सगळ्यांच्या बाबतीत ‘म्हणाले’च म्हणणार आहे, आमच्यासाठी ते बोलणंच असतं.

तिचे आजोबा शिंपी. त्यांनाही ऐकू येत नसे. एका जुन्या इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर, गच्चीखालच्या एका खोलीत एकटे राहायचे, तिथेच त्यांचं शिलाईचं यंत्र. गेल्या उन्हाळ्यात तो भयंकर आठवडा आला, रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं, त्यात ते गेले. नगरपालिकेची गाडी भोंग्यावरून सांगत गल्लीगल्लीत फिरली होती, म्हाताऱ्या माणसांनो, घरात थांबू नका, शाळेच्या थंड सभागृहात या. भोंग्यावरून.

“त्याच्या थोडे दिवस आधी मी गेले होते त्यांच्याकडे,” मुंगी म्हणाली. “ही खूण तेव्हा मोबाईलवर नवीनच पाहिली होती. म्हटलं, आजोबा, जगाची हवा बदलतेय, एकटे राहू नका, चला आमच्याकडे. ते हसायला लागले. म्हणाले, या वयात मी कुठे येऊ हवापालटाला? तू जाऊन ये. येताना मला काहीतरी आण.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“मला दुसरी खूण पाहिजे,” ती म्हणाली. “बैठकीपर्यंत.”

बैठक म्हणजे आमच्या लोकांची रविवारची बैठक. शब्दकोश मंडळाची माणसं पुढच्या महिन्यात तिथे कॅमेरा घेऊन येणार होती. कोशाची नवी आवृत्ती निघणार होती आणि तीच पुढे कर्णबधिरांच्या सगळ्या शाळांत जाणार होती. बैठकीने एखाद्या शब्दासाठी वेगळी खूण दिली तर मंडळ ती घेणार, नाही दिली तर जुनी कायम. म्हणजे प्रत्येक शाळेत कुणीतरी सर गंभीर चेहऱ्याने पोरांना सुट्टीचं आमंत्रण देत राहणार, आणि कुणीतरी मुंगी कुठल्यातरी वरच्या मजल्यावर जाऊन तेच सांगणार.

आता नवी खूण मान्य होते कशी, तर आमच्याकडे मतदान वगैरे भानगड नाही. कुणीतरी खूण करून दाखवतं. मग बघायचं, तिच्यावर लोकांचा हात बसतो का. चहा पिताना, भांडताना, एकमेकांच्या सुनांबद्दल बोलताना चारजण ती सहज वापरायला लागले की झाली. कुणाच्या हाताला लागली नाही की मेली. आणि माझ्या बाबांचा हात जिच्यावर बसला नाही अशी खूण जगलेली मी पाहिलेली नाही.

बाबा छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे उचलून अक्षराला अक्षर लावत ओळी जुळवायच्या, हे काम. यंत्रांच्या खडखडाटाचा ज्यांना त्रास नाही असे कामगार म्हणून छापखाने आमच्या लोकांना आनंदाने घ्यायचे. शब्दांबद्दल बाबा भलतेच काटेकोर आहेत, आणि हट्टी तर विचारू नका. मुंगीचे आजोबा त्यांचे बालमित्र. ते गेले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “वय झालं होतं.” मी उन्हाचा विषय काढला तर म्हणाले, “उन्हाळ्यात ऊन पडतं. वय झालं होतं.” आणि तोंड फिरवलं. आमच्यात एकाने तोंड फिरवलं की संभाषण संपतं, कारण दुसऱ्याचं बोलणं मग दिसतच नाही. लहानपणी हे हत्यार मी बाबांवर भरपूर चालवलं, आता ते माझ्यावर चालवतात.

मुंगीला हे सगळं ठाऊक होतं. तिची गाठ कुणाशी आहे हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून नववीचा वर्ग या खुणेच्या मागे लागला. वर्गात एक ताडमाड उंच मुलगा आहे, त्याने सांगितलं, सोपं आहे, पृथ्वी करायची आणि तिला आग लावायची. त्याने लावूनही दाखवली, फार सुंदर लावली, दहा बोटांच्या ज्वाळा. एका मुलीने तापमापीचा पारा चढवला. मुंगी प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणत होती. “आग बाहेरून लागते,” ती म्हणाली. “सर, हे बाहेरून येतं का?”

सरांनी फळ्यावर बाण काढले. मी शेजारी उभी राहून त्यांच्या शब्दांना हात देत होते. सूर्याची उष्णता येते, जमीन तापते, मग जमीन ती उष्णता परत वर सोडते. हवेतले काही वायू त्यातली थोडी धरून ठेवतात, बाकीची आकाशात निघून जाते.

“आणि त्यांनी मुळीच धरली नसती तर?” उंच मुलाने विचारलं.

“तर सगळं गोठलेलं असतं,” सर म्हणाले. “समुद्रसुद्धा.”

वर्गातले हात थांबले. आमच्याकडे शांतता अशी दिसते. पंधरा वर्षांची पोरं, कशाचंही नवल वाटलं तरी तसं दाखवायचं नाही असा पण केलेलं वय, आणि ती सगळी खिडकीबाहेर बघत होती. तिथे काहीच नव्हतं, नेहमीचं पांढरट आकाश आणि समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. पण त्या रिकाम्या जागेत काहीतरी आहे आणि ते आपल्याला धरून आहे, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. खरं सांगायचं तर मलाही. हा धडा मी कितीदा हातांवरून वाहून नेला असेल, पण ओझं वाहणाऱ्याला पेटीत काय आहे ते कुठे माहीत असतं.

“किती जाड आहे ही हवा?” मुंगीने विचारलं.

सरांनी कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली काढला, बाहीने धूळ पुसली. “या गोलावर वॉर्निशचा हात दिलाय ना,” ते म्हणाले, “साधारण तेवढी.”

एकेक जण उठून पुढे आला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी रांग लागली. प्रत्येकाने गोलावरून बोट फिरवलं, नखाने वॉर्निश चाचपलं, दुसऱ्याला जागा दिली. एकाने बोटाकडे पाहिलं, काही लागलंय का म्हणून. उंच मुलगा परत रांगेत जाऊन उभा राहिला. एवढ्याशा त्या पदराखाली सगळं, माझे बाबा, ही पोरं, खालचा फेरीवाला, समुद्र, सगळं.

मुंगी सर्वात शेवटी आली आणि बराच वेळ बोट तसंच ठेवून उभी राहिली. मग वळून म्हणाली, “म्हणजे धरणारा हात वाईट नाही. तो होता म्हणून आपण आहोत. तो घट्ट होत चाललाय.”

सर माझ्याकडे बघत होते, काय म्हणाली म्हणून. मी ते त्यांना आवाजात सांगितलं.

“आणि घट्ट आपण करतोय,” ती पुढे म्हणाली. “धुराने. सूर्य तोच आहे. बाहेरून जास्त काही येत नाही, आपलंच आत राहतं.”

बैठकीची खोली एका टायरच्या दुकानावर आहे. खुर्च्या भिंतीला लावून गोल मांडलेल्या, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसले पाहिजेत. कुणाकडे लक्ष वेधायचं तर दिव्याचं बटण खालीवर करायचं, नाहीतर लाकडी जमिनीवर पाय आपटायचा. खालचा टायरवाला वर्षानुवर्षं त्यावरून शिव्या घालतोय, पण ऐकतंय कोण. त्या रविवारी दुपारी खोली तापली होती, पंखे गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होते. मंडळाचे साहेब कॅमेरावाल्याला घेऊन आले होते आणि माझ्या कानाशी कुजबुजत बोलत होते. मी म्हटलं, खुशाल ओरडा, इथे कुणाची झोपमोड होणार नाही.

दोनतीन सोप्या खुणा झाल्यावर मुंगी मध्ये जाऊन उभी राहिली. नववीचा सगळा वर्ग दाराशी दाटीवाटीने उभा होता. तिने डाव्या हाताची मूठ वळली, ही पृथ्वी. उजवा पंजा मुठीपासून जरा दूर धरला आणि हळूहळू तिच्याभोवती मिटत आणला. फार हळू. बघणाऱ्यांच्या माना पुढे झाल्या, मग मागे झाल्या, पंजा आपला अजून वाटेतच.

समोरच्या खुर्चीत एक मावशी बसल्या होत्या, बेकरी चालवतात, जीभ नसून तिखट. “ही खूण होईपर्यंत चहा गार होईल,” त्या म्हणाल्या. सगळी खोली खांदे हलवत हसली.

साहेबांनीही मला विचारलं, “जरा आटोपशीर नाही का करता येणार? कोशात खूण छोटी लागते. सुरुवात, शेवट, स्पष्ट.”

मुंगी बाबांकडे बघत होती. मग सगळेच बाबांकडे बघायला लागले.

बाबा उठले नाहीत. “पोरी,” ते म्हणाले, “मूठ चांगली आहे. पण एवढी हळू कशाला? शब्द बोलायला असतो, वाट बघायला नाही. आणि हवा काय, रोजच पालटते.” त्यांनी हे मायेने सांगितलं, म्हणून ते जास्त लागलं. मुंगीचा चेहरा पडला. मला वाटलं, संपलं. आता मावशी चहा ओतायला उठतील, साहेब पुढचा शब्द घेतील, आणि हवापालट छापला जाईल.

“आजोबा,” मुंगी म्हणाली, “तुमचा हात द्या.”

खुणांत अहोजाहो नसतं. मान भुवयांतून आणि खांद्यांतून द्यावा लागतो, आणि तिने तो पुरेपूर दिला. तरीही खोली ताठ झाली. हे का, ते सांगायला हवं. आमच्यात बोलणाऱ्याचा हात धरत नाहीत. हात धरणं म्हणजे तोंडावर हात दाबणं. जुन्या काळी शाळांमध्ये मुलांचे हात पाठीशी बांधून ठेवायचे, ओठ हलवून बोलायला शिकावं म्हणून. बाबांचे बांधले होते. तिथे बसलेल्या बहुतेक म्हाताऱ्यांचे बांधले होते. रस्ता ओलांडतानासुद्धा बाबांनी लहानपणी कधी माझा हात धरला नाही, खांद्याला धरून न्यायचे. आणि ही एवढीशी पोर भरसभेत त्यांना म्हणत होती, हात द्या.

ती तिथेच थांबली नाही. कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या गार करायला बर्फाची बादली ठेवली होती, तिच्यात तिने दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले आणि ठेवले. हात लाल झाले, ओठ दाबले गेले, तरी ठेवले. मग ओढणीला पुसून कोरडे केले. “माझ्या हातांची ऊब होती असं नंतर कुणी म्हणायला नको,” तिने सगळ्यांना सांगितलं आणि बाबांसमोर गुडघ्यावर बसली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग उजवा हात पुढे केला आणि मूठ वळली. डावा हात त्यांनी आपणहून पाठीमागे नेला. मावशींनी डोळ्याला पदर लावला. तो हात पाठीमागे जाताना काय वाटतं, हे त्यांना माहीत होतं.

मुंगीने दोन्ही पंजे त्या मुठीभोवती मिटले. बाबा दचकले, गारठ्याने. आणि मग काहीच झालं नाही.

“काय चाललंय?” साहेबांनी विचारलं.

“बोलतायत,” मी म्हटलं.

आमची माणसं अर्धं चेहऱ्याने बोलतात, आणि बाबांचा चेहरा मी जन्मभर वाचत आले आहे. आधी त्यावर गंमत होती. मग शिक्षा भोगणाऱ्याचा सोशिकपणा. मग कंटाळा. मग एक भुवई किंचित वर गेली, कुणीतरी दार वाजवल्यासारखी, म्हणजे आमच्या घरी दिवा लुकलुकल्यासारखी. त्यांनी मान वाकवून आपल्या हाताकडे पाहिलं, तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

दाराशी उंच मुलाने शेजारच्या मुलीची मूठ धरली. तिने दुसऱ्या हाताने काही बोलायला सुरुवात केली आणि सोडून दिली. बेकरीवाल्या मावशींनी आपल्या नवऱ्यासमोर मूठ धरली, त्यांनी ती तळव्यांत घेतली. एकेक करत सगळी खोली जोडीजोडीने बसली. पंखे फिरत होते, खाली कुणीतरी टायर आपटत होतं, आणि वर एकही हात हलत नव्हता. मी या खोलीत रांगत वाढले. लग्नं, भांडणं, शोकसभा, सगळं इथे पाहिलं, पण ही खोली गप्प झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. कॅमेरावाल्यालाही काही कळलं असावं, त्याने टोपी काढली होती.

मग बाबांनी पाठीमागचा हात पुढे आणला. “गरम झाली,” ते म्हणाले.

मुंगीने मान डोलावली. तिला दुसरं काही बोलताच येत नव्हतं, दोन्ही हात गुंतलेले.

“तुझे हात तर बर्फाचे होते.”

होते, मान म्हणाली.

“मग ही उष्णता कुणाची?”

मुंगीने हनुवटीने त्यांच्याकडे दाखवलं.

“माझी,” बाबा म्हणाले. थांबले. “माझीच.” त्यांनी मूठ उघडून पाहायचा प्रयत्न केला, तिने उघडू दिली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पकड ढिली नव्हती. बाबांनी पुन्हा ओढलं नाही. ते मुठीकडे बघत राहिले आणि मोकळ्या हाताने त्यांनी हवेत काहीतरी अर्धवट केलं. ती खूण दोन हातांची असते, दोन झडपा एकमेकींवर येऊन मिटतात. एकच झडप मिटली, तरी खोलीतल्या सगळ्यांना कळलं. खिडकी.

“त्याने खिडक्या लावून घेतल्या होत्या,” बाबा म्हणाले. “ऊन बाहेर राहावं म्हणून. सगळ्या. फटींना कापड कोंबलं होतं, शिंप्याच्या घरी कापडाला काय तोटा. मी दार तोडलं तेव्हा आतून...” हात थांबला. “मी त्याच्यावर रागावलो होतो. म्हटलं, मूर्खा, रात्री तरी एखादी उघडायचीस. त्याला वाटलं, जे काय आहे ते बाहेर आहे.”

ते दार बाबांनी तोडलं होतं हे मला माहीत नव्हतं. माझ्यापासून तोंड फिरवून ते इतके महिने मित्राच्या त्याच खोलीकडे बघत होते.

“वय झालं नव्हतं त्याचं,” बाबा मुंगीला म्हणाले. “माझ्यापेक्षा लहान होता तो.”

मुंगी रडत होती, उघडपणे, नाक पुसायला हात मोकळा नसलेलं रडणं. बाबांनी आपल्या बाहीने तिचं नाक पुसलं.

साहेबांनी घसा खाकरला. माणूस वाईट नव्हता, त्याला त्याचं काम होतं. “खूण घेऊ आम्ही,” ते मला म्हणाले, “पण हिचा शेवट कुठे? कॅमेऱ्यासाठी हात कुठेतरी थांबावा लागतो.”

मी ते विचारलं. मुंगीने मान हलवली. नाही म्हणून की माहीत नाही म्हणून, ते मला सांगता यायचं नाही.

उत्तर बाबांनी दिलं. त्यांनी मोकळा हात तिच्या हातांवर आणला आणि तिची करंगळी उचलली. नुसती करंगळी. मग शेजारचं बोट. शिशाचे बारीक खिळे उचललेली ती बोटं, त्यांना घाई ठाऊकच नाही. मुंगी त्यांच्याकडे बघत राहिली आणि एकेक बोट सोडत गेली, आणि सोडायला तेवढाच वेळ लागला जेवढा धरायला लागला होता. इकडे मावशी नवऱ्याची बोटं उचलत होत्या, दाराशी पोरं एकमेकांची. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. शेवटचा अंगठा निघाला आणि बाबांची मूठ मोकळी झाली.

“हां, हा शेवट छान आहे,” साहेब म्हणाले. “सुटली, थंड झाली.”

मी ते हाताने बाबांना सांगितलं. बाबांनी नाही म्हणून मान हलवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि सगळी खोली ओलांडून माझ्यापाशी आले. मूठ अजून वळलेलीच होती. ती त्यांनी माझ्या गालाला लावली आणि तशीच धरून ठेवली.

“काय म्हणतायत ते?” साहेबांनी विचारलं.

बाबांच्या हाताची ती ऊब गालावर होती आणि ती कमी होत नव्हती.

“अजून गरम आहे म्हणतात,” मी म्हटलं.